मौनात चालणारी बोली

माघ वद्य ५, सन १९३७

आजपासून मी बोलायचं आणि इंदूने लिहायचं. इंदू माझी नात, सातवी पास. अक्षर बिघडू नये म्हणून मास्तरांनी रोज पानभर लिहायला सांगितलंय. तिच्याकडे लिहायला काही नाही आणि मला लिहिता येत नाही. जोडी बरी जमली.

पहिल्याच ओळीला भांडण. मी "शे" म्हणते, ही "आहे" लिहिते. म्हटलं, "मी बोलस तेच लिख ना व." तर म्हणे, "मोठीमाय, वहीत असंच लिहितात." म्हणजे वहीत मी धुळ्याची बाई होणार. होऊ दे.

इंदूचं देवपूरचं स्थळ पक्कं झालं. धुळ्यालाच, पांझरेच्या पलीकडे घर. मुलगा रघुनाथ, शाळेत चित्रं काढायला शिकवतो. चित्रं काढण्याचा पगार मिळतो हे ऐकून भाऊला, म्हणजे माझ्या मुलाला, इंदूच्या बापाला, अजून हसू येतंय.

माघ वद्य ९

इंदू आणि मी दोघींतच बोलतो त्या आपल्या बोलीबद्दल वहीत यायला नको म्हटलं होतं. इंदू म्हणते, मग लिहू काय, रोज काय भाजी केली ते?

बरं. लिही.

मी नवी नवरी होते तेव्हा सासऱ्यांसमोर तोंड उघडायची बंदी, आणि सासरे कायम घरात. बोलायला जागा एकच, गोठा. तिथेही भिंतीपलीकडे ऐकू जायचं. मग म्हशीशी मीच केलेल्या शब्दांत बोलायला लागले. म्हैस कान हलवायची. ती गेली, तिच्या रेडीला शिकवलं. आमच्या ह्यांना वाटायचं मी मंत्र घालते म्हणून दूध वाढतंय. ते गेले ते ह्याच समजुतीत. मी कधी खोडून काढलं नाही, मान मिळत होता.

पुढे इंदू झाली. पाळण्यापासून तिच्याशी हेच बोलले. आता ही माझ्यापेक्षा भरभर बोलते.

पोरी चकार घालून बोलतात तसलं नव्हे हे. ते म्हणजे मराठीलाच टोपडं घातलेलं, कुणीही ओळखावं. आपली बोली मुळापासून केलेली. ज्याला बरा शब्द आधीच आहे त्याच्या वाटेला सहसा जायचं नाही. (पाणी, मीठ, ये, जा एवढे करावेच लागले, नाहीतर बोलणार कसं.) आणि संध्याकाळी केलेला शब्द विरजणासारखा झाकून ठेवायचा. सकाळी आपसूक तोंडात आला तर लागला. नाहीतर म्हशीला.

इंदू म्हणते दोन-तीन सांग. सांगते.

फिसोळ: निघतो निघतो म्हणून दारात उभा राहून बोलत राहणारा पाहुणा.

घुर्मी: भांडी आपटून दाखवलेला राग. हा शब्द सून घरात आल्यावर सुचला.

लुमी: जेवून अंगणात आडवं व्हावं, वारा यावा, कुणी हाक मारू नये, तेव्हा वाटतं ते.

फाल्गुन शुद्ध ३

पापड लाटले. अंगणभर.

लाटता लाटता इंदू म्हणाली, "मोठीमाय, वाईटाला शब्द नाही आपल्याकडे."

खरंच नाही. कधी केलाच नाही. रडायला मराठीत शब्दांचा काय तोटा, त्यात माझी भर कशाला? असं म्हणाले. तर ती हळूच म्हणते, "पण तू देवपूरला आलीस, सासूबाई शेजारी बसल्या असल्या, तर मी तुला सांगू कसं?"

लाटलेलाच पापड मी पुन्हा लाटला.

आमच्यात लेकी-नातीच्या घरी पहिलं मूल होईपर्यंत पाणी पीत नाहीत. म्हणजे मी गेले तरी टेकल्यासारखं करून उठायचं. त्यात विहीण समोरून हलायची नाही, ते तिला बघूनच कळलंय. कार्डं येतील, त्यावर सगळं खुशाल असेल. सगळ्यांच्या कार्डावर सगळं खुशालच असतं.

पोर बरोबर बोलली. शब्द पाहिजे.

फाल्गुन शुद्ध ६

जमत नाही. काल "भोंदरं" केला. सकाळी आठवला, लागलासुद्धा. पण इंदू म्हणते, "मी डोळ्यांत पाणी आणून भोंदरं म्हणायचं? मलाच हसू येईल." मग म्हणून दाखवलं आणि हसलीच. मीही. पापडाच्या टोपलीवर पडायची वेळ आली.

आतून यशोदा म्हणाली, "पिठाला ऊन लागतंय." यशोदा माझी सून, इंदूची आई. तिचा बाप शाळामास्तर होता. आपल्या बोलीला ती "म्हशीचं बोलणं" म्हणते. तिने त्यानंतर परात ठेवली ती घुर्मीच होती.

फाल्गुन वद्य २

आणखी चार शब्द करून बघितले. दोन विसरले. एक म्हणजे शेजारच्या गावाचं नाव निघालं. एक भाऊने ऐकला, म्हणाला, बैलाला हाकताना बरा आहे.

हात हसऱ्या गोष्टींना सवकलाय माझा, काय करू.

चैत्र शुद्ध १२

विहीण येऊन गेली, साड्या दाखवायला. नाकात मोठी नथ, बोलणं मोजकं. इंदूला चालायला लावलं, निवडायला तांदूळ दिले, केस सोडायला लावले. लग्न ठरल्यावर आता काय तपासायचं राहिलंय म्हणते मी! पण तोंडाने काही बोलले नाही. म्हणजे मराठीत नाही. इंदूला आपल्या बोलीत म्हटलं, "नाक उंच, डोळे मात्र बरे आहेत."

विहिणीने लगेच मान वळवली. "ही कुठली भाषा म्हणायची?"

"माझ्या माहेरची. तापीपलीकडची."

"माझी थोरली बहीण तापीपलीकडेच दिलीय. तिच्याकडे कधी कानावर आली नाही."

"आमचं गाव लहान आहे."

यशोदा चहा घेऊन आली म्हणून सुटले.

वैशाख शुद्ध ८

उद्या हळद. इंदूचं हे शेवटचं पान. पाहुणे भरलेत, लोटे कमी पडतायत, भाऊ कुणावर तरी ओरडतोय.

तो शब्द झाला नाही तो नाहीच. शेवटी असं ठरवलं: बरं असेल तर लुमी म्हणायचं, माझ्याकडे बघून, कुणीही समोर असो. बरं नसेल तर

(मोठीमाय इथे थांबली. पुढचं काही सांगत नाही. उठून पाहुण्यांत गेली. – इंदू)

ज्येष्ठ शुद्ध २

आता यशोदा लिहिते. अक्षर म्हणे हिचं इंदूपेक्षा चांगलं. मला सगळं सारखंच, मुंग्यांची रांग.

ही लिहितानाही पदर सावरून बसते. मी एक वाक्य बोलले की विचारते, "हे घालायचंय?" अगं घालायचं नसतं तर बोलले कशाला?

इंदूची पाठवणी नीट झाली. रडली, पण रीतीपुरती. मी रडले नाही. (रडल्या. गोठ्यात. – य.)

हिला आपल्या अक्षरात काहीही घालायला मोकळीक आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ज्येष्ठ वद्य ७

देवपूरचं कार्ड. यशोदाने वाचलं. सर्व खुशाल, काळजी नसावी, मोठ्यांस नमस्कार. ठरल्याप्रमाणे.

"देवपूर" लांब आहे, ह्यापुढे नुसतं दे. लिही म्हटलं. विहिणीला वि., जावयाला जा. शाई वाचेल.

बोलायला कुणी नाही. म्हशीकडे गेले. ही नवी म्हैस शहाणी नाही.

आषाढ शुद्ध ११

मौन धरलं. चातुर्मासभर, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. इंदूला तिकडे बरं असू दे म्हणून. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, यशोदाने लिहिलं तर लिहो.

भाऊ म्हणाला, "आई, तू? मौन?" आणि बैलांकडे बघून हसला.

सकाळी भटजींना आधीच विचारून घेतलं होतं. म्हटलं, अर्थ नसलेलं तोंडातून निघालं तर मौन मोडतं का? ते म्हणाले, "निरर्थक ध्वनी म्हणजे वाणी नव्हे. चिमणी चिवचिवते, तिला का दोष लागतो?" माझ्या उभ्या जन्माच्या कामाला निरर्थक म्हणाले, पण सोयीचं होतं म्हणून वाईट वाटून घेतलं नाही.

तेव्हा दिवसा आपली बोली, दिवा लागल्यावर मराठी. यशोदा म्हणते, "हे मौन आहे की माझी परीक्षा?"

आषाढ वद्य ४

आज मीठ मागितलं, गूळ आला. सरपण म्हटलं, भाऊचं धोतर आणून दिलं. मुद्दाम करते. (नाही करत. – य.)

श्रावण शुद्ध ९

घरात कानबाई बसल्या, आमची श्रावणातली देवी. घर भरलेलं, नैवेद्याच्या रोटांचं दळण, बायकांची गाणी. मला दिवसा गाता येईना. मग सगळ्या गात होत्या त्याच चालीवर आपल्या शब्दांत गायले. शेजारणी म्हणाल्या, मावशी आता देवाच्या बोलीत गातात. यशोदा कोपऱ्यात तोंडाला पदर लावून हलत होती. रडते की काय म्हणून बघितलं, तर हसत होती. मी गाण्यात काय घातलं होतं ते तिला कळलं होतं! (शेजारणीच्या पुरणपोळीबद्दल होतं. इथे लिहिणार नाही. – य.)

श्रावण वद्य ६

इंदूला बोली शिकवता शिकवता तिचं लग्नाचं वय झालं. सुनेला एक श्रावण पुरला. मास्तराची लेक. विचारते कशी, "मग हा शब्द असा का, तो तसा का नाही?" मला काय माहीत, म्हशीला तसा आवडला.

आज फिसोळ म्हणाली. दारात पाहुणा उभा असताना, त्याच्या तोंडावर, अगदी आदराने. त्याने नमस्कार केला.

भाद्रपद शुद्ध १

यशोदाने शब्द केला. तिचा पहिला.

भाकरी थापताना म्हणाली, "आत्याबाई, इंदू गेल्यापासून हात रोज एक भाकरी जास्त थापतो. त्या भाकरीला काय म्हणायचं?" मी म्हटलं, तूच म्हण. त्याला दोन दिवस झाले. आज सकाळी तवा उतरवताना म्हणाली, "ओमटी."

चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला. तसं तिला सांगितलं नाही. (आत्ता सांगितलंत. – य.)

ओमटी म्हशीला घातली.

आश्विन वद्य ११

दिवाळसण. जा. आणि इंदू उद्या येणार. यशोदाचं अनारशाचं पीठ आंबलंय, भाऊने अंगणाला चुना मारला, अर्धा स्वतःला. मला एकच ऐकायचंय. चार अक्षरंसुद्धा नाहीत त्यात.

आश्विन वद्य १३

आली. रंग उजळलाय, अंग जरा वाळलंय. जा. उंच, किडकिडीत, टोपी कडक. पाया पडला.

मी इंदूला आपल्या बोलीत विचारलं, "कशी आहेस?"

इंदू मराठीत म्हणाली, "बरी आहे, मोठीमाय."

पुन्हा विचारलं. खाली बघून म्हणाली, "पाणी आणते."

विसरली म्हणावं तर प्रश्नाला उत्तर बरोबर देते. मग?

आश्विन वद्य १४

माझं मौन चालूच. तेव्हा दिवसा जा.शी मराठीत बोलायची सोय नाही. मी आपल्या बोलीत बोलते, यशोदा त्याला मराठीत सांगते. आजचं ताट:

मी म्हटलं, "भाताचं चित्र काढतोय हा, खात नाही." यशोदा: "त्या म्हणतात, सावकाश जेवा, संकोच नको."

मी म्हटलं, "टोपीला इतकी कांजी, आतल्या डोक्याला जरा लावायची." यशोदा: "म्हणतात, टोपी शोभते हो."

मी म्हटलं, "कान बघ, पेटलेत." यशोदा: "म्हणतात, उकडत असेल तर ओसरीत बसा."

मजा आली. भाऊ मध्येच म्हणाला, "आई एवढं गोड कधीपासून बोलायला लागली?"

इंदू मात्र सारखी डोळ्यांनी मला गप्प बस म्हणत होती. बोलीतला एक शब्द नाही. लुमी नाही.

कार्तिक शुद्ध १

पाडवा. ओवाळणं झालं. इंदूला एकटी गाठावी म्हटलं, तर जा. तिच्या मागे, नाहीतर शेजारणी. शेवटी सगळ्यांसमोरच विचारलं, बोलीत, सरळ: "लुमी?"

तिने त्याच्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही. मग अनारसा उचलून तोंडात घातला.

त्या दिवशी हळदीच्या आधी मी वाक्य अर्धं टाकून उठले होते. बरं नसेल तर काय म्हणायचं ते ठरलंच नाही. मग न बोलणं म्हणजेच तो शब्द धरायचा का मी? तिला काय कळणार मी काय धरते ते?

यशोदाने आज दिवा लागल्यावर विचारलं नाही, हे घालायचंय का म्हणून.

कार्तिक शुद्ध ३

काय लिहायचं आता.

सकाळी निघाले. गाडी जुंपली. जा. पाया पडला, उभा राहिला, टोपी सारखी केली. आणि माझ्याकडे बघत, सावकाश, एक एक शब्द ठेवत, आपल्या बोलीत म्हणाला: "मी फिसोळ नाही. निघतो."

यशोदाच्या हातातला तांब्या पडला.

भाताचं चित्र. टोपीची कांजी. कान. सगळं, अक्षरन् अक्षर, कळत होतं मेल्याला. वर प्रत्येक वेळी यशोदाचंही ऐकून "हो, हो" म्हणत होता! इंदू गाडीत बसली होती, पदरात तोंड घालून. हसत होती का ते दिसलं नाही. गाडी वळली.

दिवसभर आम्ही दोघी एकमेकींकडे बघितलं की... (आत्याबाईंना हसू आवरेना, ठसका लागला. – य.)

कार्तिक शुद्ध ६

हसू ओसरलं.

तिने दिली त्याला, की त्याने काढून घेतली? आजीशी काय कुजबुजतेस, सांग आधी, असं म्हणून? वि.नेच सांगितलं असेल त्याला, तापीपलीकडची भाषा शोधून काढ म्हणून. तसं असेल तर पोरीला शेवटचा कोपरा होता तोही गेला. आता तिने बोलायचं कशात?

आणि माझ्या वाह्यात जिभेने त्याच्याच तोंडावर त्याचे कान...

कार्तिक शुद्ध १२

काल मौन सुटलं. दिवसभर मराठी बोलायला मोकळी. दुपारी यशोदाला बोलीतच हाक मारली.

कार्तिक वद्य ८

यशोदाशी ह्यावरून रोज वाद. ती म्हणते, "तिनेच दिली असणार. जुलमाने शिकलेला माणूस फिसोळ म्हणून चेष्टा करेल का?"

"जुलमाने शिकलेलीच तू. तुला मी कुठे दिली, तुला मीठ-सरपणासाठी घ्यावी लागली."

"मग? माझं काही वाईट झालं?"

ह्यावर मी पान संपलं असं म्हणाले. (संपलं नव्हतं. – य.)

पौष शुद्ध १०

भाऊ कापूस घेऊन धुळ्याला गेला होता, इंदूकडे डोकावून आला. आम्ही दोघी त्याच्यासमोर बसलो.

"कशी शे इंदू?"

"बरी शे."

"बरी म्हणजे?"

"बरी म्हणजे बरी. चहा दिला."

"तू रीत विसरलास? लेकीच्या घरचं पाणी प्यालास?"

"चहा होता ना, पाणी कुठे होतं!"

म्हटलं, बोलत काय होती, हसत होती का, वि. कुठे होती? म्हणतो, "वि. आतल्या खोलीत होती. इंदू आणि जावई ओसरीवर कसलं तरी भांडत होते. मला एक शब्द कळला नाही. इंग्रजी असेल."

इंग्रजी! इंदूला इंग्रजी कुठलं?

भांडत होते कसे, रागाने की कसे, ते विचारलं. भाऊ म्हणाला, "माले काय माहीत. कोण जिंकणार ते बघायला थांबलो असतो, पण बैल सोडलेले होते."

यशोदाने त्याला जेवायला वाढलं ते घुर्मीनेच. पण नंतर चुलीपाशी माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्याबाई, भांडण बोलीत चाललंय." जणू नातवंड झाल्याची बातमी.

मला तेवढ्याने होत नाही. भांडण काय, मी म्हशीशीही केलंय.

फाल्गुन वद्य ५, सन १९३८

दुसरी बोली करायची का, असं मनात आहे. नवी. इंदू आणि मी, बाकी कुणी नाही. ह्या वेळी वाईटाचा शब्द आधी, मग बाकीचे. यशोदाला सांगितलं. लिहायची थांबली.

"आणि मी?"

तिला नको का? हा विचारच मी केला नव्हता.

दुसरी बोली सध्या राहू दे.

चैत्र वद्य १४

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इंदूला आणायला भाऊ उद्या निघतो. तिला पाठचा भाऊ नाही, म्हणून न्यायला जाणारा मुऱ्हाळी बापच. वि.ने कार्डावर कळवलंय, आठ दिवस ठेवा, पण सांभाळून, मुलीला ऊन लागतं. हे वि.ने स्वतः घातलं असेल असं यशोदा म्हणते, अक्षर वेगळं आहे.

ऊन लागतं! लहानपणापासून केळीच्या बागेत उघड्या डोक्याने फिरलेली पोर. तरी ऐकायला बरं वाटलं, खोटं का बोला.

वैशाख शुद्ध ३, आखाजी

लिंबाला झोका. माहेरवाशिणी दोन दोन करून, गाणी. सांजोऱ्या, आंबे, मडक्यातलं थंड पाणी. इंदू कालच आली. जा. नाही, वि. नाही, मध्ये कुणी नाही. अंग भरलंय.

दुपारी तिला विहिरीकडे नेलं, केळीच्या सावलीत. वर्षभर बोली, बोली केलं, पण तिथे पोचल्यावर मला ती नको वाटली. आमच्या साध्या घरच्या बोलण्यात विचारलं.

"तुले तठे करमस का व?"

ती केळीचं वाळकं पान ओढत होती. म्हणाली, "त्यांना बोली मीच शिकवली, मोठीमाय. पहिल्याच महिन्यात. मी घरात एकटीच बोलीत बोलत बसायचे, ते बघून त्यांनीच म्हटलं, हे काय, मलाही सांग. दिवाळीत तुला सांगणार होते, पण तू टोपीवर घसरलीस, मग कुठल्या तोंडाने सांगू?"

"ते राहू दे. मी विचारलं ते सांग."

तेव्हा तिने एक शब्द म्हटला.

माझा नव्हता. यशोदाचाही नव्हता. मी कधी ऐकलेला नव्हता.

"हा कुठला?"

"आमचा."

"अर्थ काय?"

"तेच तर ठरत नाही. संध्याकाळी पांझरेवर जातो आम्ही, तिथे केला. ते म्हणतात त्याचा अर्थ 'बरं'. मी म्हणते 'जवळजवळ बरं'. बाबा आले तेव्हाही त्याचंच चाललं होतं."

"मग कोण बरोबर?"

"भांडतोय अजून." आणि हसली. त्या हसण्याचं मला नीट काही ठरवता आलं नाही. पूर्ण होतं की जरा कमी होतं.

"ठरलं की मला सांगशील?"

"बघते," म्हणाली. मला! आणि झोक्याकडे पळाली, नंबर जाईल म्हणून.

संध्याकाळी यशोदा वही घेऊन बसली. सगळं सांगितलं तिला. दोनदा वाचून घेतलं. म्हणाली, "शब्द काय होता, तो सांगा, लिहिते."

म्हटलं, तो त्यांचा आहे. जागा कोरी सोड.

सोडली म्हणते. मला कुठे वाचता येतं.